आंबट खाणारी पोरगी

त्या वर्षी माझे दात कायम आंबलेले असायचे. भाकरीचा तुकडा चावला तरी दातांतून झिणझिण्या निघायच्या, म्हणून मी रात्रीची भाकरी कालवणात कुस्करून, भिजवून, म्हाताऱ्या माणसासारखी गिळायची. आता खरीच म्हातारी झालेय आणि तसंच जेवते. त्यामुळे ताटावर बसलं की ते दिवस आपोआप पुढ्यात येतात. आई समोर बसलेली असायची, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटायचं, ती मी किती जेवते ते बघतेय. ती वेगळंच काही बघत होती, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आमचं घर सिरसाळ्याच्या कडेला, परळीच्या रस्त्याला लागून. आबा आणि थोरले चुलते मिळून मेंढरं राखायचे, शिवाय ज्वारी-बाजरीपुरतं रान होतं. घरात पहाटे पहिला आवाज वाड्यातल्या कोकरांचा आणि दुसरा आईच्या भाकरी थापण्याचा. आईच्या थापण्याला एक ठेका होता. तीन थापा जोरात, मग एक हळू, मग भाकरी तव्यावर. मी अंथरुणातच त्या थापा ऐकत भाकऱ्या मोजायची. थंडीत बाजरीची भाकरी आणि भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी, उन्हाळ्यात ज्वारीची भाकरी आणि ताक, आणि बाराही महिने शेंगदाण्याची चटणी. लोकरीचा, धुराचा आणि भाजलेल्या भाकरीचा मिळून एक वास घराला होता. तो वास आहे हे मला अठरा वर्षं माहीतच नव्हतं.

ते मला कळलं परळीच्या कॉलेजात. आमच्या घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच मुलगी. आबांनी कुणाला न विचारता माझं नाव घातलं आणि घरी येऊन नुसतं सांगितलं, “कौशी उद्यापासून परळीला जानार.” थोरल्या चुलतीला, जिला आम्ही मोठीआई म्हणायचो, ते पटलं नाही. पण आबांपुढं बोलायची तिची रीत नव्हती. ती जे बोलायची ते आईला. सकाळी सहाची एसटी असायची. मी चहावर निघायची. आई तीन भाकऱ्या, चटणी आणि कांदा फडक्यात बांधून द्यायची. कॉलेजातल्या बहुतेक मुली परळीतल्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या. त्यांचे डबे स्टीलचे, आत पोळी आणि तेलात परतलेली भाजी. आठवड्याभरातच मधल्या सुट्टीत मी फडकं सोडलं आणि माझ्या शेजारी बसणारी नलू नाक उडवून म्हणाली, “अगं बाई, कुणाच्या डब्यात मेंढरं चरतायत?” सगळ्या हसल्या. नलू वाईट मुलगी नव्हती, पुढं आयुष्यभराची मैत्रीण झाली. त्या दिवशी मीसुद्धा हसले. पण फडकं पुन्हा बांधलं, ते त्या वर्गात परत सोडलं नाही.

कॉलेजच्या फाटकाबाहेर भागाबाई बसायची. पुढ्यात गोणपाट, त्यावर उकडलेली बोरं, बोरकूट, मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी, चिंचेचे गोळे, वाळवलेला आवळा, हंगामात गूळ घालून कालवलेलं कवठ. औष्णिक वीजकेंद्राची राख परळीत सगळ्यावरच बसायची. भागाबाई मधूनमधून ओल्या फडक्यानं बोरं झटकायची, तसं फडकं काळं व्हायचं. माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं, भाकऱ्या होत्या. पहिल्या दिवशी मी तिला लाजतच विचारलं, “भाकरी घेता का, मावशी?” तिनं फडक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “दे की. सकाळधरनं पोटात काय न्हाई.” बदल्यात तिनं कागदाच्या दोन मोठ्या पुड्या भरून दिल्या. मग रोजचंच झालं. माझ्या आईची बाजरीची भाकरी भागाबाई खायची आणि भागाबाईची बोरं, चिंचा, आवळे मी खायची. “तुज्या मायच्या हाताला लई चव हाय बघ,” ती म्हणायची आणि मला आत कुठंतरी टोचायचं. पण पुडी हातात आली की ते टोचणं जायचं. वर्गातल्या मुली माझ्याकडं हात पसरायच्या. पुडी असलेल्या मुलीला कुणी मेंढरांवरून बोलत नाही.

आणि मला वाटायचं, यात वाईट ते काय? फळंच तर आहेत. हे वाक्य परवा माझ्या नातीनं मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. ती पुण्यात नोकरीला असते, वीस-एकवीस वर्षांची आहे. सकाळी घाईत एक फळांची वडी खाते, दुपारी फळांचा दाट रस पिते आणि रात्री थकून झोपते. वडीच्या वेष्टनावर डोंगर आणि हिरवी पानं छापलेली असतात. “आजी, तळलेलं कुठं खातेय? फळंच आहेत ती.” मी म्हटलं, “आणि भाकरी?” ती हसली. फोन ठेवल्यावर मला बराच वेळ चैन पडली नाही. हे प्रकरण खरं म्हणजे त्या फोनमुळेच लिहायला घेतलंय.

कारण तसंच हळूहळू झालं माझं. सुरुवातीला काही जाणवलं नाही, उलट हलकं वाटायचं. मग छातीखाली जळजळ सुरू झाली. मग एसटीतून उतरल्यावर फाटकापर्यंत चालताना धाप लागायला लागली. डोळ्यांपुढं काजवे यायचे. मैलभर मेंढरांमागं पळणारी मी, जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभी राहायची. आंबटाची भूकही वाढत गेली. एका पुडीनं भागायचं नाही. आणखी एक विचित्र गोष्ट व्हायला लागली, जी मी कुणाला सांगितली नाही. आई चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची, तिचा ओला वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मी नखानं पोपडा काढून जिभेवर ठेवायची. एके दिवशी आईनं मला तसं धरलं. ती ओरडली नाही. तिनं माझा हात धुतला, भिंतीवरच्या नखांच्या खुणांवर बोट फिरवलं आणि चूल फुंकायला बसली. धूर नसतानाही तिचे डोळे पाणावलेले मला दिसले.

आमच्याकडं त्या चार दिवसांत बायकांनी बाजूला बसायची रीत होती. मेंढवाड्याला लागून एक पडवी होती, तिथं. त्यामुळं घरातल्या कुठल्या बाईची पाळी कधी आली हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं. मी तीन महिने पडवीत बसले नव्हते. मला त्याचं बरंच वाटत होतं, कॉलेज बुडत नव्हतं. चौथा महिना कोरडा जायला लागला तेव्हा एका दुपारी मी लवकर घरी आले आणि दाराआड उभी असताना मोठीआईचा आवाज ऐकला. “पोरगी आंबट खाती, माती खाती, वकाऱ्या काढती. मी काय येडी न्हाई, जाऊबाई. लोक बी येडे न्हाईत.” आई म्हणाली, “आक्का, हळू बोला.” तेवढंच. ‘तसं काही नाही’ असं ती म्हणाली नाही. मी त्या वाक्याची वाट बघत दाराआड उभी राहिले. ते आलंच नाही.

संध्याकाळी पाणी भरायला गेल्यावर आईनं मला आडोशाला घेतलं. “कौसे, खरं सांग. कुनी काय केलंय का तुला?”

“काय केलंय मंजे?”

“मंजे काय ते तुला ठावं. एसटीत, कालेजात, कुटं बी.”

“न्हाई गं आई.”

“मग बाजूला कावून बसली न्हाईस?”

मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. आई माझ्याकडं बघत राहिली, आणि उत्तर न येणं हेच तिला उत्तर वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला कच्ची पपई खायला घातली. किसून, गूळ आणि तीळ घालून, सकाळ-संध्याकाळ वाटीभर. “अंगात उष्णता पायजे,” एवढंच म्हणाली. ती समोर बसून वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही. आधीच जळणाऱ्या पोटात ती पपई निखाऱ्यासारखी उतरायची. तिसऱ्या दिवशी मोठीआई तिथून जाताना थांबली. तिनं वाटीत पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेली. जी बाई कधीच गप्प बसत नाही ती गप्प बसली, तेव्हा ती पपई कशासाठी होती हे माझ्या डोक्यात शिरलं. घास तोंडात तसाच राहिला. आई म्हणाली, “गिळ.” मी गिळला.

मेंढरांच्या घरात वाढलेल्या मुलीला काय कळत नाही? कोकरं कशी होतात, कधी होतात, सगळं मी पाहिलं होतं. मेंढरांचं सगळं माहीत होतं, माणसांचं मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि भीती अशी गोष्ट आहे की तिच्यापुढं माहीत असलेलं उपयोगी पडत नाही. मी मागचे सगळे दिवस उकरायला लागले. आमच्या एसटीत गोविंद नावाचा वर्गातला मुलगा यायचा. एकदा गर्दीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्यानं अर्धा खाल्लेला पेरू मला दिला आणि मी तो खाल्ला. संपलं, याच्यापुढं काही नाही. पण आईनं तसं गृहीत धरलंय, मोठीआईनं धरलंय, म्हणजे काहीतरी असेलच, आणि असेल तर ते त्या पेरूतूनच आलं असेल, असं मी खरंच मानायला लागले. आज हसू येतं. तेव्हा मी वर्गात बसून पदराआड पोटावर हात ठेवायची आणि आत काही हलतंय का ते बघायची.

त्यात दिंद्रुडचं स्थळ आलं. आबांच्या ओळखीतलं घर, रविवारी बघायला येणार होते. आईनं ते ऐकलं आणि तिच्या हातातला उंडा परातीत पडला. शुक्रवारी सकाळी मी हंडा उचलायला वाकले आणि अंगण फिरलं. डोळे उघडले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं, वर मोठीआई, आणि शेजारच्या दोन बाया कुंपणापलीकडून मान उंच करून बघत होत्या. आईनं माझा पदर सारखा केला आणि आत जाऊन आबांना म्हणाली, “पोरीला वैजनाथाला घिऊन जाते.”

आबा म्हणाले, “आज सोमवार न्हाई.”

“देवाला वार लागत न्हाई,” आई म्हणाली. त्या घरात तिनं आबांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर असावं. आबांनी तिच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि काठी घेऊन मेंढरांकडं गेले.

देवळाकडं आम्ही वळलोच नाही. स्टँडवरून आई मला थेट एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेली. त्या कुठल्याशा लांबच्या गावाहून आलेल्या, केस आखूड, आवाज पुरुषासारखा. त्यांनी आईला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “कितवा महिना चुकलाय?”

मी रडायलाच लागले. म्हटलं, “मी पेरू खाल्ला होता.”

“कुणाचा?”

“गोविंदचा. अर्धा उष्टा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत, याचे उपकार मी अजून मानते. खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, “आणि पेरूशिवाय?” मी मान हलवली. “फक्त पेरू?” “व्हय.” मग त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं दाबून पाहिली. पोट दाबलं तेव्हा मी कळवळले. रक्त घेतलं, लघवी तपासायला घेतली आणि बाहेर बसायला सांगितलं. त्या बाकड्यावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. आई डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या फिरवत होती, एकामागून एक, आणि शेवटच्या बांगडीपर्यंत आली की पुन्हा पहिलीपासून. मला तहान लागली होती, पण पाणी मागायची हिंमत झाली नाही.

मग दोघींना आत बोलावलं. डॉक्टरीणबाई कागदाकडं बघत म्हणाल्या, “हिच्या पोटात काही नाही, बाई. मूल नाही आणि अन्नही नाही.”

आईला पहिलं ऐकू आलं, दुसरं नाही. तिनं भिंतीला हात टेकवला. डॉक्टरीणबाईंना ते पुन्हा सांगावं लागलं. अंगात रक्त निम्म्यावर आलंय, म्हणून चक्कर, म्हणून धाप, म्हणून मातीची ओढ, आणि शरीराला स्वतःलाच पुरत नाही म्हणून पाळी थांबलीय. रिकाम्या पोटी इतकं आंबट आणि तिखट-मीठ घातल्यानं आतून पोट सोललंय. “ही खाते काय दिवसभर?”

“तीन भाकरी देते की रोज,” आई म्हणाली. “चटणी, कांदा. फडकं रिकामं येतं.”

तेव्हा मला सांगावं लागलं. भागाबाई, पुड्या, भाकऱ्यांची अदलाबदल, आणि मेंढरं चरण्याबद्दल नलू काय म्हणाली ते. सांगताना मी आईकडं बघितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बोर वाईट नाही. आवळा तर चांगलाच, भाकरी-भाजीबरोबर खाल्ला तर रक्त वाढायला मदतच करतो. पण ते जेवणावर खायचं असतं, जेवणाच्या जागी नाही. आणि तू वाटून टाकलीस ती बाजरी, तिच्यात त्या सगळ्या पुडीपेक्षा जास्त होतं.” मग आईला विचारलं, “घरी आणखी काय देताय?”

आईची मान खाली गेली. “पपई,” ती म्हणाली. “कच्ची.”

मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, “बंद करा ती. आजपासून.” आणि औषधं लिहायला लागल्या.

बाहेर आल्यावर आई स्टँडकडं न जाता कॉलेजकडं निघाली. मला वाटलं, आता भर रस्त्यात भांडण होणार. भागाबाईपुढं ती उभी राहिली. “तू खातीस काय माज्या पोरीच्या भाकरी?”

भागाबाई घाबरली. “बाई, पोरगी म्हनली मला भूक न्हाई. मी काय हिसकून घेतली न्हाई. मला दुसरं कोन देतंय?” तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. आईनं तिच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या गळ्याच्याही दिसत असाव्यात. “उद्यापासनं चार भाकरी देते,” आई म्हणाली. “एक तुजी. तीन हिनं तुज्या म्होरं बसून खायच्या. न्हाई खाल्ल्या तर मला सांगायचं.” आणि तसंच झालं. फाटकाबाहेर गोणपाटाच्या कडेला बसून मी ते वर्ष जेवले. नंतर नंतर नलूही येऊन बसायला लागली.

दिंद्रुडच्या लोकांना आबांनी निरोप पाठवला. आईनं त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं, “पोरीत रगत न्हाई. आदी पोरगी उभी करू, मग लोकास्नी दावू.” ते स्थळ पुन्हा आलं नाही. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. आई लोखंडी कढईत पालेभाजी शिजवायची, वर लिंबू पिळायची, जेवणाच्या वेळचा चहा तिनं बंद केला. मोठीआईची नजर माझ्या पोटावरून हटत नव्हती. महिना गेला, दुसरा गेला. धाप कमी झाली, मातीचा वास नुसता मातीचा वाटायला लागला, तरी पाळी येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की वेळ लागेल. पण रोज सकाळी आई माझ्याकडं बघायची, मी मान हलवायची, आणि दोघींचाही दिवस तिथंच काळा व्हायचा. डॉक्टरीणबाईंच्या कागदावरचं खोटं ठरलं तर, असं तिलाही वाटत असेल का, या विचारानं मला घास उतरायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी आईच्या कानात सांगितलं. तिनं हातातलं काम टाकलं, अंगणाच्या मधोमध गेली आणि ओरडली, “कौशी बाजूला बसलीय, आक्का! शिवू नका कुनी!” मेंढवाड्यातली माणसं वळून बघायला लागली. आबांनी पटकन पाठ फिरवली. कुंपणापलीकडच्या बायांनी माना काढल्या. मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. आई तिथंच कमरेवर हात ठेवून उभी, जणू गावात दवंडी द्यायची राहिलीय.

त्या संध्याकाळी मी पडवीत बसले होते. आई रिवाजाप्रमाणं चार हात लांब, सुपात मटकी घेऊन निवडत होती. माझ्या मनात गेल्या काही महिन्यांची वाक्यं साठलेली होती. पपईची, त्या ‘गिळ’ची, दाराआड उभं राहून जे ऐकायला मिळालं नाही त्याची. बोलायला गेले तर वेगळंच विचारलं. “आई, डॉक्टरीणबाई व्हय म्हनली असती तर?”

तिचं सूप थांबलं नाही. “तर परळीहून घरला आले नसते.”

“मंजे?”

“तुला घिऊन गेले असते.”

“कुटं?”

“ते ठरवलं न्हवतं. मिळंल त्या गाडीत बसायचं, येवढंच ठरवलंतं.”

“आन आबा? घर?”

“ऱ्हायलं असतं हितंच.” तिनं एक खडा काढून लांब फेकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “पन वाटलंतं मला तसं, तू पोटुशी हायेस म्हनून. खोटं कावून बोलू? वाटलंतं.”

नुसतं बसवेना म्हणून मी सुपाकडं हात पुढं केला आणि तो तसाच मध्ये राहिला, कारण त्या दिवसांत धान्याला हात लावायचा नसतो. मोठीआई समोरच्या ओसरीवरून बघत होती. आईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग उठून माझ्याजवळ सरकली आणि सुपातली अर्धी मटकी माझ्या ओच्यात ओतली. दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी निवडत बसलो.